मॉस्कोने न पाठवलेला रशिया

रशियन कथा-कादंबरी पोचायला महाराष्ट्रात सोलापूरइतकं सोयीचं शहर दुसरं नसावं. मॉस्कोचं प्रगती प्रकाशन आणि पुढे रादुगा ही मंडळी मराठीत पुस्तकं छापत, तशीच तेलुगूत, कन्नडमध्ये आणि उर्दूतही. या चारही भाषा इथे एकाच बाजारात भाव करताना ऐकू येतात. मराठी पुस्तकं मुंबईहून लोकवाङ्मय गृह पुरवी, तेलुगू विशालांध्र आणि कन्नड नवकर्नाटक. शिवाय गिरण्या, विडी कारखाने, लाल बावट्याच्या युनियन आणि जिल्ह्यातल्याच बार्शीचे शाहीर अमर शेख. रशियाबद्दल कुतूहल निर्माण करायला वेगळी जाहिरात लागत नव्हती.

सोव्हिएत काळात आलं ते थोडंथोडकं नव्हतं. टॉलस्टॉय, चेखव, गॉर्की, ऐतमातोव, शिवाय मुलांची सचित्र पुस्तकं, आणि सगळं कवडीमोलाने. अनिल हवालदारांसारखे अनुवादक मॉस्कोत राहून थेट रशियनमधून मराठी करत. त्या पुस्तकांवरच्या प्रेमापोटी ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ हा माहितीपटही निघाला. हे प्रेम खरं आहे. पण त्याच्या भरात एक गोष्ट नजरेआड होते. पुस्तकांची निवड आपली नव्हती. ती मॉस्कोची होती, आणि मॉस्कोने अर्धाच रशिया पाठवला. भुतांचा, वेताळांचा, दुःस्वप्नांचा आणि सरकारला न आवडणाऱ्या भविष्याचा रशिया आपल्याला इंग्रजीतून, उशिरा आणि तुकड्यातुकड्यांनी भेटला.

सर्वांत ठळक उदाहरण येवगेनी झाम्यातिन यांच्या ‘वुई’ या कादंबरीचं. 1920-21 च्या सुमारास लिहिलेली ही कादंबरी पुस्तकरूपाने आधी निघाली ती इंग्रजीत, 1924 साली न्यूयॉर्कमध्ये. खुद्द सोव्हिएत देशात ती छापायला 1988 उजाडलं. झाम्यातिन जहाजबांधणीचे इंजिनिअर. पहिल्या महायुद्धात ते इंग्लंडात बर्फफोड्या जहाजांच्या बांधणीवर देखरेख करायला होते. त्यांच्या कादंबरीतल्या माणसांना नावं नाहीत, नंबर आहेत. घरं काचेची, उठणं-जेवणं-झोपणं एकाच वेळापत्रकावर, आणि शहराभोवती हिरवी भिंत.

इंग्रजी समीक्षक या पुस्तकाला ऑर्वेलचा पूर्वज म्हणून मान देतात आणि तेवढ्यावर मोकळे होतात. सोलापुरात बसून वाचलं की ते वेगळं दिसतं. एकेकाळी जुन्या मिलच्या भोंग्यावर उठणाऱ्या, पाळीवर जाणाऱ्या, हजेरीपटावर नंबर असलेल्या शहराला या कादंबरीत भविष्य असं फारसं सापडणार नाही. आणि भिंत? ब्रिटिशांनी ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींना याच शहरात तारेच्या कुंपणात ठेवलं होतं. तिथे रोज हजेरी, बाहेर जायला परवानगी, आणि कामाला गिरणीत. त्यांना गुन्हेगार ठरवणारा कायदा 1952 मध्ये गेला, पण त्या वस्तीला लोक आजही सेटलमेंटच म्हणतात. झाम्यातिन यांनी कल्पनेने रचलेलं राज्य इथे सरकारी हुकमाने चालून गेलं होतं. ‘वुई’ मराठीत गाजायला हवी होती ती विज्ञानकथा म्हणून नव्हे, गिरणगावची कादंबरी म्हणून.

मॉस्कोने विज्ञानकथा पाठवलीच नाही असं नाही. बेल्यायेव यांचा कल्लेवाला तरुण ‘द अँफिबियन’मधून आला, येफ्रेमोव यांची ‘अँड्रोमेडा’ही इंग्रजीत मॉस्कोहूनच निघाली. ‘अँड्रोमेडा’ 1957 ची, स्पुटनिकच्याच वर्षीची. तिच्यातली भावी माणसं इतकी सद्गुणी आहेत की त्यांच्याबरोबर प्रवास करताना डुलकी लागते. स्ट्रुगात्स्की बंधूंची ‘रोडसाइड पिकनिक’ (1972) याच्या अगदी उलट. परग्रहवासी वाटेत थांबले, कचरा टाकून निघून गेले. तो कचरा चोरून आणून विकणाऱ्यांची ही गोष्ट. हिचं रशियन पुस्तक 1980 मध्ये निघालं ते संपादकांनी छाटून. मूळ संहितेवरून केलेला ओलेना बोर्माशेंको यांचा इंग्रजी अनुवाद 2012 मध्ये आला. आज नवीन वाचकाने तोच घ्यावा.

भयकथेच्या बाबतीत मात्र दोष मॉस्कोवर ढकलता येत नाही. गोगोल तर सगळ्यांना उपलब्ध होता. पु. ल. देशपांडे यांनी त्याच्या ‘इन्स्पेक्टर जनरल’वरून ‘अंमलदार’ केलं, आणि तो आपल्याकडे विनोदी लेखक म्हणून पक्का झाला. ‘ओव्हरकोट’ (1842) आपण गरीब कारकुनाची करुण कथा म्हणून शिकवतो. तोच कारकून मेल्यावर पीटर्सबर्गच्या रस्त्यांवर लोकांचे कोट हिसकावत फिरतो, हे सांगताना आपण जरा ओशाळतो. गोगोलच्या लेखी मात्र कचेरी आणि भूत ही दोन वेगळी खाती नव्हतीच. दरम्यान नारायण धारप स्टीफन किंगकडे वळले. त्यांनी उत्तम काम केलं, पण त्यासाठी अमेरिकेपर्यंत जावं लागलं याचं नवल वाटतं. कारण गोगोलचीच ‘वीय’ (1835) जवळ होती. कीवच्या मठातला एक विद्यार्थी, मेलेल्या मुलीजवळ तीन रात्री पोथीवाचन, भोवती आखलेलं रिंगण आणि रिंगणाबाहेर घिरट्या घालणारी ती. हडळ आणि मुंजा माहीत असलेल्या गावात हे सांगायला एकही तळटीप लागणार नाही.

कथा कीवची आणि गोगोल पोल्तावा भागातला, म्हणजे आजच्या युक्रेनचा. मिखाईल बुल्गाकोव या लेखकाचा जन्मही कीवचा. ‘रशियन साहित्य’ या कपाटावरची पाटी आता तितक्या सहजपणे लावता येत नाही.

इंग्रजीत या भय-अद्भुताच्या दालनाची स्थिती आज चांगली आहे. पूर्वी अनुवादक कॉन्स्टन्स गार्नेट यांचंच राज्य होतं. त्यांचं काम अफाट, पण टॉलस्टॉय आणि दोस्तोयेव्स्की एकाच मास्तरीणबाईंच्या तोंडून ऐकतोय असं वाटायचं. भयकथेला असा सरळ आवाज मारक ठरतो. आता म्युरियन मॅग्वायर यांचा ‘रेड स्पेक्टर्स’सारखा संग्रह आहे. हयातीत जवळजवळ काहीच छापून न आलेला क्रझिझानोव्स्की जोआन टर्नबुल यांनी इंग्रजीत आणला. पेत्रुशेव्स्काया यांच्या भयावह परीकथा तर दाटीवाटीच्या खोल्यांत राहिलेल्या कोणालाही परक्या वाटणार नाहीत.

मराठीत उलटं झालं. 1991 नंतर मॉस्कोचा पुरवठा थांबला, आणि थेट रशियनमधून अनुवाद करण्याची सोयही आटली. आता येतं ते बहुतेक इंग्रजीवरून. मला त्याचं फारसं दुःख नाही. इंग्रजीवरूनच करायचं तर निदान निवड तरी आपली हवी, आणि सुरुवात ‘वीय’पासून व्हावी. ती प्रमाण मराठीत मात्र करू नये. अक्कलकोट-मंगळवेढ्याच्या बोलीत, रात्री अंगणात बसून सांगितल्यासारखी करावी. गोगोलनेही ती लोकांच्या तोंडची कथा म्हणूनच पुढे केली होती, मग भलेही त्यातला बराचसा भाग त्याने स्वतःच रचलेला असो.