'वीरनारी' : एका समासाची चिकित्सा

बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेड राजा हे जिजाबाईंचे जन्मस्थान. दरवर्षी 12 जानेवारीस तेथे लखुजी जाधवांच्या राजवाड्यापाशी मोठा जनसमुदाय जमतो. भाषणे होतात, स्वागतपत्रे वाचली जातात, सत्कार होतात. जिल्ह्यातील पुष्कळ कुटुंबांतील मुले सैन्यात व निमलष्करी दलांत आहेत. 14 फेब्रुवारी 2019 रोजी पुलवामा येथे झालेल्या हल्ल्यात केंद्रीय राखीव पोलीस दलातील या जिल्ह्याचे दोन जवान धारातीर्थी पडले. त्यामुळे 'वीरमाता', 'वीरपिता', 'वीरपत्नी' हे शब्द येथील सार्वजनिक भाषेत केवळ अलंकारापुरते उरलेले नाहीत. ते माणसांच्या दुःखाशी जोडलेले आहेत. प्रस्तुत लेखात या शब्दांची, आणि त्यांच्या जोडीने 'रणरागिणी', 'मर्दानी', 'महिला अधिकारी' इत्यादी संज्ञांची भाषाशास्त्रीय दृष्टीने परीक्षा करावयाची आहे. प्रश्न असा : जी स्त्री स्वतः शस्त्र धारण करते, तिच्यासाठी आपल्या भाषेने कोणती जागा राखून ठेवली आहे ?

प्रथम समासाचा विचार करू. 'वीरमाता' म्हणजे वीराची माता, 'वीरपत्नी' म्हणजे वीराची पत्नी. दोन्ही ठिकाणी षष्ठी तत्पुरुष आहे, आणि शौर्य पूर्वपदाचे, म्हणजे मुलाचे वा पतीचे आहे. यात व्याकरणाची काही अडचण नाही. अडचण उभी राहते ती 'वीरनारी' या शब्दापाशी. रूपाने पाहता हा कर्मधारय आहे. 'वीर अशी जी नारी ती वीरनारी' असाच त्याचा विग्रह कोणीही विद्यार्थी करील. परंतु भारतीय सैन्याच्या व्यवहारात हा शब्द हुतात्मा सैनिकाच्या विधवेसाठी रूढ झाला आहे. म्हणजे रूप कर्मधारयाचे आणि अर्थ तत्पुरुषाचा, अशी ही स्थिती आहे. परिणाम असा की, ज्या एका शब्दात सैनिक स्त्रीचे स्वतःचे शौर्य मावू शकले असते, तो शब्द आधीच दुसरीकडे गुंतलेला आहे. आज एखाद्या महिला मेजरला 'वीरनारी' म्हटले, तर ऐकणारा प्रथम तिच्या कपाळाकडे पाहील.

येथे या शब्दाच्या जमेची बाजू नोंदविणे न्यायाचे होईल. 'विधवा' या शब्दामागे आपल्या समाजाने जे अशुभत्व चिकटविले होते, ते दूर सारून दुःखी स्त्रीला सन्मानाचे स्थान देणे हा या शब्दामागील हेतू आहे, आणि तो बऱ्याच अंशी सफल झाला आहे. ज्या स्त्रीला मंगलप्रसंगी मागे उभे केले जात असे, तिला व्यासपीठावर बसविणारा शब्द सहजासहजी टाकून देण्याजोगा नव्हे. आक्षेप शब्दावर नाही. शौर्याची वाटणी करताना स्त्रीच्या वाट्यास केवळ नाते यावे, या गृहीतकावर आहे.

हे गृहीतक एका शब्दापुरते मर्यादित नाही. ते आपल्या प्रत्ययव्यवस्थेतही मुरलेले आहे. पाटील-पाटलीण, सुभेदार-सुभेदारीण, सोनार-सोनारीण ही रूपे पाहावीत. '-ईण' हा स्त्रीवाचक प्रत्यय व्यवसायवाचक वा पदवाचक नामाला लागला की त्याचा पहिला अर्थ 'त्या व्यावसायिकाची पत्नी' असा होतो. सुभेदारीण सुभेदारी करीत नाही. ती सुभेदाराच्या घरी असते. छावणीच्या हिंदुस्थानी बोलीतील 'मेमसाहेब' हा शब्दही असाच अधिकाऱ्याच्या पत्नीचा आहे. तात्पर्य, लष्करी पदांची स्त्रीलिंगी रूपे भाषेत नव्हती असे नाही. ती होती, पण त्यांत पत्नीचा अर्थ वसतीस होता. स्त्री स्वतः अधिकारी म्हणून आली तेव्हा तिला त्या घरात शिरता येईना.

मात्र '-ईण' प्रत्ययाचा हा अर्थ अटळ मानण्याचे कारण नाही. 'मास्तरीण' या शब्दाचा इतिहास याची साक्ष देतो. मास्तरांची पत्नी ती मास्तरीण, हा अर्थ बाजूस पडून शाळेत शिकविणारी ती मास्तरीण, हा अर्थ स्त्रिया शिकवू लागल्यावर प्रस्थापित झाला. 'डॉक्टरीण' या शब्दाचीही वाटचाल तीच. व्यवहार पालटला की प्रत्ययाचा अर्थ पालटतो; प्रत्यय व्यवहाराला कायमचा अडवून धरू शकत नाही. हा नियम ध्यानात ठेवला म्हणजे पुढील चर्चेत निराशेस वाव राहणार नाही.

आता 'महिला' या उपपदाकडे वळू. सैन्यात स्त्रिया आल्या त्या टप्प्याटप्प्याने. 1888 मध्ये लष्करी रुग्णालयांसाठी ब्रिटिश परिचारिका मुंबईस उतरल्या. तेथून लष्करी परिचर्या सेवेची परंपरा सुरू होते. या सेवेतील परिचारिका कमिशनप्राप्त अधिकारी असते, तरी रुग्णाच्या तोंडी ती 'सिस्टर'च. पद मागे राहते आणि नाते पुढे येते. दुसऱ्या महायुद्धात, 1942 मध्ये, स्त्रियांचे साहाय्यक दल निघाले. 1943 मध्ये सिंगापूर येथे आझाद हिंद सेनेत झाशीची राणी पलटण उभी राहिली. वैद्यकीय व परिचर्या सेवांपलीकडे भारतीय सेनेची दारे 1992 च्या योजनेने उघडली आणि 1993 मध्ये पहिली तुकडी चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीतून बाहेर पडली. त्या तुकडीतील प्रिया झिंगन यांची नोंद 'लेडी कॅडेट 001' अशी आहे. क्रमांक सैनिकाचा, पण त्याच्या आधी 'लेडी'.

भाषाशास्त्रात प्राग संप्रदायाने चिन्हित व अचिन्हित असा जो भेद केला, तो येथे तंतोतंत लागू पडतो. 'अधिकारी' हे अचिन्हित रूप. त्यातून पुरुष आपोआप गृहीत धरला जातो. 'महिला अधिकारी' हे चिन्हित रूप. ते अपवादाची सूचना देते. पण मराठीच्या बाबतीत एक विशेष आहे, आणि तो इंग्रजीच्या अनुकरणाने लिहिणाऱ्यांच्या ध्यानी येत नाही. आपल्या भाषेत क्रियापद कर्त्याच्या लिंगाप्रमाणे चालते. मे 2025 मध्ये 'ऑपरेशन सिंदूर'ची माहिती देण्यासाठी कर्नल सोफिया कुरेशी व विंग कमांडर व्योमिका सिंग पत्रकारांसमोर आल्या. 'कर्नल कुरेशी म्हणाल्या' एवढे लिहिले की कर्ता स्त्री आहे हे 'म्हणाल्या' या एका रूपानेच सांगितले जाते. तेथे 'महिला कर्नल कुरेशी म्हणाल्या' असे लिहिल्याने माहितीत कणभर भर पडत नाही; भर पडते ती लिहिणाऱ्याच्या आश्चर्याची. इंग्रजी वाक्यात हे उपपद कदाचित काही सांगत असेल. मराठी वाक्यात ते बहुधा पुनरुक्तीच असते.

येथे एक शंका संभवते. 'सैनिक सीमेवर गेले' या वाक्यात पुल्लिंगी अनेकवचनामुळे स्त्रिया अदृश्य होतात. मग 'महिला' हे उपपद त्यांना दृश्य करीत नाही काय? शंका रास्त आहे. जेथे संख्या, निवासव्यवस्था, भरतीच्या अटी यांची माहिती द्यावयाची असते, तेथे ते उपपद आवश्यकच आहे. 30 मे 2025 रोजी खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून 17 स्त्रियांची पहिली तुकडी उत्तीर्ण होऊन बाहेर पडली, हे सांगताना स्त्रीत्वाचा उल्लेख टाळणे म्हणजे घटनाच लपविणे होय. तेव्हा कसोटी अशी ठेवता येईल : उल्लेखाने नवी माहिती मिळते काय ? मिळत असेल तर तो वर्णन आहे. नसेल तर तो शिक्का आहे.

तिसरा गट स्तुतिवाचक शब्दांचा. 'वीर' हा शब्दच मुळात पुरुषवाचक. लॅटिनमधील 'पुरुष' या अर्थाचा 'विर्' हा त्याचा सगोत्र. 'पौरुष', 'मर्दुमकी' यांविषयी वेगळे सांगावयास नको. त्यामुळे शूर स्त्रीची स्तुती करावयाची तर तिला पुरुषाची उपमा द्यावी लागते. झाशीच्या लक्ष्मीबाईंना मिळालेले 'मर्दानी' हे विशेषण त्याच जातीचे. 'रणरागिणी' हा शब्द स्त्रीलिंगी खरा, पण तो क्रोधाचा, एखाद्या क्षणी अंगात संचारणाऱ्या आवेशाचा शब्द आहे. तोफखान्याचे गणित, रसदीचे नियोजन, जवानांच्या रजेचे कागद ही अधिकाऱ्याची नित्याची कामे त्यात बसत नाहीत. आणि ज्या व्यासपीठावरून 'रणरागिणी'चा गौरव होतो, त्याच व्यासपीठावरून 'आम्ही हातात बांगड्या भरलेल्या नाहीत' अशी गर्जनाही होते. समोर बसलेल्या गणवेशातील स्त्रीने यांपैकी कोणते वाक्य आपले मानावे ?

या शब्दांविषयी सैनिक स्त्रियांना काय वाटते, याचे उत्तर एकच नाही. काहींना 'रणरागिणी'त आपुलकी जाणवते. पण अनेकींनी जाहीर मुलाखतींतून सातत्याने मांडलेला आशय असा की, आम्ही प्रथम अधिकारी आहोत. आम्हांला सूट नको आणि कौतुकही नको, मोजमाप तेवढे सारखे असावे. हीच भावना न्यायालयाच्या दप्तरात अधिक स्पष्टपणे उमटली आहे. स्थायी कमिशनसाठी स्त्री-अधिकाऱ्यांनी दिलेल्या लढ्यात शासनाच्या बाजूने मांडण्यात आलेल्या मुद्द्यांपैकी एक असा होता की, जवान बहुतांशी ग्रामीण भागातून येतात आणि स्त्रीची आज्ञा स्वीकारण्यास त्यांची मनोभूमिका अद्याप तयार नाही. 17 फेब्रुवारी 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे युक्तिवाद लिंगविषयक साचेबंद कल्पनांवर उभे असल्याचे म्हणून फेटाळले, आणि स्त्रियांना नेतृत्वपदांपासून सरसकट दूर ठेवणे अग्राह्य ठरविले. 25 मार्च 2021 च्या निर्णयात त्याच न्यायालयाने एक पाऊल पुढे टाकले. वरवर सर्वांना समान दिसणारे निकषही प्रत्यक्षात भेदभाव करू शकतात, हे त्याने मान्य केले.

वरील युक्तिवादात आपणही आहोत, हे बुलढाण्याच्या अभ्यासकाने विसरू नये. 'ग्रामीण भागातून येणारे जवान' म्हणजे चिखली, मेहकर, लोणारच्या शिवारांतून गेलेली मुले. स्त्रीविषयीच्या गृहीतकाला टेकू म्हणून खेड्याविषयीचे गृहीतक वापरले गेले. ज्या जिल्ह्यात जिजाबाईंच्या नावाने इतका समुदाय लोटतो, त्या जिल्ह्याच्या मुलाला स्त्रीची आज्ञा ऐकवणार नाही, असे कोणी म्हणावे याचा आपल्याला राग यावयास हवा. पण राग आल्यावर स्वतःला एक प्रश्नही विचारावयास हवा : आपण जिजाबाईंचा गौरव कोणत्या शब्दांनी करतो ? 'राजमाता' या शब्दाने. म्हणजे पुन्हा षष्ठी तत्पुरुषाने. 1598 मध्ये जन्मलेली, पुण्याच्या जहागिरीचा कारभार पाहणारी, 1666 मध्ये महाराज आग्र्यास गेले असता राज्याची देखरेख करणारी ही स्त्री राज्यकर्ती होती. तिचे हे कर्तृत्व भाषणांतून येते ते बहुधा संस्कार देणारी माता या एकाच भूमिकेच्या ओघात. मातृत्वाचा गौरव खोटा नाही. पण तो अपुरा आहे.

अलीकडच्या एका उदाहरणाने हा विषय अधिक उजळतो. साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक 17 नोव्हेंबर 2015 रोजी कुपवाडा येथे हुतात्मा झाले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी चेन्नईच्या अकादमीतील प्रशिक्षण पूर्ण केले, आणि 9 सप्टेंबर 2017 रोजी त्या लेफ्टनंट झाल्या. येथे 'वीरपत्नी' आणि 'लेफ्टनंट' ही दोन पदे एकाच व्यक्तीच्या ठायी आली. पहिले पद त्यांना दुःखाने दिले, दुसरे त्यांनी श्रमाने मिळविले. पतीच्या गणवेशावरील प्रेमाचा उल्लेख त्यांनी स्वतः केलेला असल्याने पहिले पद त्यांना नकोसे होते असे म्हणण्याचा अधिकार आपणांस नाही. परंतु नावापुढे कोणते पद आधी लिहावयाचे हा निवड करण्याचा प्रश्न आहे, आणि ती निवड जिची ओळख आहे तिची असावी, सूत्रसंचालकाची नव्हे.

भाषा पालटत आहे याच्या खुणा दिसतात. 2022 मध्ये 'अग्निवीर' ही संज्ञा आली आणि स्त्रियाही त्या नावाने भरती होऊ लागल्या. योजनेच्या गुणदोषांची चर्चा येथे अप्रस्तुत आहे. भाषेच्या दृष्टीने एवढेच महत्त्वाचे की, 'वीर' हे पद येथे स्त्रीला कोणाची माता वा पत्नी म्हणून लागत नाही, स्वतःच्या नात्याने लागते. 'मास्तरीण' शब्दाने जी वाट चोखाळली, तिच्यावरच हे पाऊल आहे.

सारांश, तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. 'वीरपत्नी', 'वीरमाता' हे शब्द त्यांच्या योग्य अर्थाने राहावेत. 'वीरनारी' मात्र त्याच्या कर्मधारय अर्थाकडे परत यावा. 'महिला' हे उपपद माहितीसाठी वापरावे, सवयीने नव्हे. मराठी क्रियापदावर थोडा विश्वास ठेवावा. आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आपापल्या तालुक्यातील स्मारकांवरील लेख, सत्काराची मानपत्रे व जयंतीची भाषणे गोळा करून शौर्यवाचक शब्दांची लिंगनिहाय सूची करावी; या विषयाला आज मतांपेक्षा सामग्रीची गरज अधिक आहे. गणवेशातील स्त्री गावी परत येईल तेव्हा तिला हाक मारण्यासाठी आपल्यापाशी तिच्या पदाचा शब्द तयार असावा, एवढीच अपेक्षा.