कल्याण आणि दायित्व : विद्यापीठीय धोरणातील दोन कप्पे
(कात्रज परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा)

प्रास्ताविक

अध्यापन, संशोधन आणि विस्तार ही उच्च शिक्षणाची तीन अंगे मानण्याची रीत आपल्याकडे रूढ आहे. अलीकडच्या काळात त्यांत विद्यार्थ्यांच्या शारीरिक व मानसिक स्वास्थ्याची भर पडली आहे. या दोन्ही विषयांवर आज मार्गदर्शक तत्त्वे आहेत, समित्या आहेत, अहवालांचे नमुने आहेत. धोरण नाही, अशी तक्रार आता करता येणार नाही. मात्र धोरणे वाढत असताना ज्यांच्यासाठी ती आखली गेली त्या विद्यार्थ्याला आणि महाविद्यालयाच्या शेजारी राहणाऱ्या नागरिकाला त्यांचा स्पर्श कितपत होतो, हा प्रश्न शिल्लक राहतो. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, या धोरणांचे मूळ दुखणे निधीच्या किंवा मनुष्यबळाच्या तुटवड्यापेक्षा त्यांच्या रचनेत अधिक आहे. विद्यार्थ्याचे कल्याण आणि विद्यार्थ्याचे सामाजिक दायित्व हे वस्तुतः एकाच जीवनाचे दोन पैलू असून धोरणाने त्यांना दोन स्वतंत्र कप्प्यांत ठेवले आहे. पुणे शहराच्या दक्षिण टोकावरील कात्रज परिसर या विधानाची कसोटी घेण्यास सोयीचा आहे.

धोरणाची दोन टोके

विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल 2023 मध्ये शारीरिक सुदृढता, क्रीडा, विद्यार्थ्यांचे आरोग्य, कल्याण आणि मानसिक व भावनिक स्वास्थ्य यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. प्रत्येक संस्थेत ताणतणाव व भावनिक समायोजनाच्या प्रश्नांसाठी विद्यार्थी सेवा केंद्र असावे, ही त्यांतील एक प्रमुख शिफारस होय. तत्पूर्वी, 2020 मध्ये, आयोगानेच सामाजिक दायित्व व समाजसहभाग यांविषयी अभ्यासक्रमाची चौकट दिली होती. तीत दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम सुचवलेला असून त्याचा निम्मा भाग क्षेत्रकार्याचा आहे. दोन्ही दस्तऐवज हेतूने चांगले आहेत. तथापि ते शेजारी ठेवून वाचले असता एक गोष्ट नजरेत भरते. पहिल्या दस्तऐवजातील विद्यार्थी मदत घेणारा आहे, तर दुसऱ्यातील विद्यार्थी मदत देणारा. हे दोघे एकच आहेत, याची जाणीव दोहोंपैकी कोणत्याही मांडणीचा पाया झालेली नाही.

कायद्यातही हीच विभागणी आढळते. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 अन्वये विद्यार्थी विकास, क्रीडा व शारीरिक शिक्षण आणि आजीवन अध्ययन व विस्तार यांसाठी स्वतंत्र मंडळे आहेत. प्रशासनाच्या सोयीसाठी अशी विभागणी आवश्यक असेलही. परंतु महाविद्यालयाच्या पातळीवर तिचे रूपांतर वेगवेगळ्या समन्वयकांत, वेगवेगळ्या नस्तींत आणि वेगवेगळ्या दिनविशेषांत होते. एका आठवड्यात ताणव्यवस्थापनाचे व्याख्यान होते आणि दुसऱ्या आठवड्यात स्वच्छता फेरी निघते. दोन्ही ठिकाणी विद्यार्थी तेच असतात आणि दोन्ही ठिकाणी ते बहुधा श्रोते किंवा उपस्थितीपटावरील नावे असतात.

एकसंध कल्पनेचा वारसा

महाराष्ट्राला ही विभागणी परंपरेने मिळालेली नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 मध्ये कराडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. तेथे निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि स्वतःच्या श्रमातून वसतिगृहाच्या निर्वाहास हातभार लावीत. 1947 मध्ये साताऱ्यात सुरू झालेल्या शिवाजी महाविद्यालयात श्रमावर आधारित शिक्षणाचे हेच तत्त्व उच्च शिक्षणात आणले गेले. या व्यवस्थेत आरोग्य, निर्वाह आणि सामाजिक दायित्व यांसाठी तीन योजना नव्हत्या. एकाच पंक्तीला बसणे हा मुलाच्या पोषणाचा प्रश्न होता आणि जातिभेदाला दिलेले उत्तरही होते. शेतातील श्रम हे शिक्षणाचे मोल होते आणि शरीराचे संगोपनही. घेणारा आणि देणारा एकच होता.

हा वारसा आजही नावाने जिवंत आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची 'कमवा व शिका' योजना कर्मवीरांच्याच नावाने चालते आणि तिने असंख्य गरजू विद्यार्थ्यांना शिक्षणात टिकवून धरले, हे नाकारता येणार नाही. परंतु मूळ कल्पना आणि आजचे रूप यांत एक महत्त्वाचे अंतर पडले आहे. साताऱ्याच्या वसतिगृहात श्रम हा साऱ्यांच्या जीवनक्रमाचा भाग होता. आजची योजना आर्थिकदृष्ट्या दुर्बल विद्यार्थ्यांपुरती आहे. परिणामी आवारात किंवा ग्रंथालयात काम करणारा विद्यार्थी त्या कामामुळेच 'गरजू' म्हणून ओळखला जातो. ज्या श्रमाने प्रतिष्ठा द्यावयाची, तो दारिद्र्याची खूण होतो. मानसिक स्वास्थ्याच्या कोणत्याही मार्गदर्शक तत्त्वांत या अवघडलेपणाला स्वतंत्र रकाना नाही.

कात्रजची साक्ष

कात्रज-धनकवडीचा पट्टा हा पुण्याच्या शैक्षणिक विस्ताराचा एक ठळक भाग आहे. डॉ. पतंगराव कदम यांनी 1964 मध्ये स्थापन केलेल्या आणि 1996 मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळालेल्या भारती विद्यापीठाचे संकुल पुणे-सातारा रस्त्यावर येथेच आहे. वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय त्याच परिसरात आहे. डॉ. एरॅक भरूचा यांच्या नेतृत्वाखाली 1993 मध्ये सुरू झालेली पर्यावरण शिक्षण व संशोधन संस्थाही येथील. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर पदवीच्या साऱ्या शाखांना पर्यावरण अध्ययन अनिवार्य झाले, तेव्हा आयोगासाठी त्या विषयाचे पाठ्यपुस्तक भरूचा यांनी सिद्ध केले. देशभरातील पदवीच्या विद्यार्थ्यांना आपल्या भोवतालाकडे पाहावयास शिकवणारे पुस्तक कात्रजच्या पायथ्याशी आकारास आले, ही बाब लक्षणीय आहे.

त्या अभ्यासक्रमात पन्नास तासिकांपैकी पाच तासिकांइतके क्षेत्रकार्य अपेक्षित होते. स्थानिक नदी, टेकडी किंवा प्रदूषित स्थळ प्रत्यक्ष पाहून त्याची नोंद करावी, हा त्यामागील हेतू. प्रत्यक्षात अनेक महाविद्यालयांत या भागाची जागा प्रकल्पवहीने घेतली. वही तपासता येते, तिला गुण देता येतात आणि ती कपाटात ठेवता येते. ओढ्याच्या बाबतीत यांपैकी काहीच शक्य नसते.

ओढ्याचा उल्लेख येथे केवळ दृष्टान्तापुरता नाही. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजला तलाव बांधून तेथील पाणी भुयारी नळाने शहरातील हौदांपर्यंत नेण्यात आले. याच परिसरातून आंबिल ओढा शहरात उतरतो. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री झालेल्या अतिवृष्टीत या ओढ्याला पूर आला. अरण्येश्वर, टांगेवाला कॉलनी आणि सहकारनगर भागांतील वस्त्यांत पाणी शिरले, भिंती कोसळल्या आणि अनेकांचे प्राण गेले. ओढ्याचे अरुंद झालेले पात्र आणि काठावरील बांधकामे यांची चर्चा त्यानंतर दीर्घकाळ चालली. आरोग्य, पर्यावरण आणि सामाजिक दायित्व हे तिन्ही विषय त्या एका रात्री एकाच प्रवाहात एकत्र आले होते. अशा प्रवाहाच्या आसपास असलेल्या महाविद्यालयांना विस्तारकार्याचा विषय दूर जाऊन शोधण्याचे कारण नाही.

धोरण मात्र त्यांना दूर पाठवते. 2014 मध्ये सुरू झालेल्या उन्नत भारत अभियानात सहभागी संस्थेने खेड्यांचा समूह दत्तक घ्यावा, अशी रचना आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या विशेष शिबिरासाठीही सामान्यतः खेडेच निवडले जाते. खेड्यांची गरज खरी आहे, याविषयी दुमत नाही. परंतु कात्रजच्या भोवतालचे वास्तव या चौकटीत बसत नाही. कात्रजलगतचे आंबेगाव 2017 मध्ये आणि भिलारेवाडी, मांगडेवाडी, गुजर-निंबाळकरवाडी ही गावे 2021 मध्ये पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाली. कागदावर ती गावे राहिली नाहीत. पाणी, सांडपाणी आणि रस्ते यांच्या बाबतीत ती पुरती शहरही झाली नाहीत. 'दत्तक गाव' या संज्ञेतून निसटणारा हा मधला प्रदेशच आज महानगरांच्या कडेला वाढत आहे. खोली भाड्याने घेऊन राहणारे आणि खानावळीच्या डब्यावर शिकणारे अनेक विद्यार्थी याच प्रदेशाचे रहिवासी असतात. त्यांच्या बाबतीत शेजाऱ्याचे पाणी आणि स्वतःचे आरोग्य हे दोन विषय उरतच नाहीत.

मोजमापाचा प्रश्न

राष्ट्रीय सेवा योजनेचा प्रारंभ 24 सप्टेंबर 1969 रोजी, महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, 37 विद्यापीठांत आणि 40,000 स्वयंसेवकांसह झाला. वर्षाला 120 याप्रमाणे दोन वर्षांत 240 तास हे तिचे परिमाण आहे. राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेच्या 2017 पासूनच्या आराखड्यातही विस्तारकार्यक्रमांची संख्या आणि सहभागी विद्यार्थ्यांचे प्रमाण विचारले गेले. तास, संख्या आणि प्रमाण ही तिन्ही मापे देणाऱ्याच्या बाजूची आहेत. ज्या वस्तीत कार्यक्रम झाला तेथे काय बदलले, याची नोंद ठेवण्याची सक्ती त्यांतून होत नाही. त्यामुळे पाच वर्षांत पाच वस्त्यांत जाणारे महाविद्यालय पाच वर्षे एकाच वस्तीत जाणाऱ्या महाविद्यालयापेक्षा अधिक कार्यक्षम दिसू शकते. कार्यक्रम अधिकाऱ्यांचा बराचसा वेळ छायाचित्रे व अहवाल यांच्या जुळवाजुळवीत जातो, याचे मूळही येथेच आहे. त्यासाठी त्यांना व्यक्तिशः दोष देणे अन्यायाचे ठरेल.

स्वास्थ्याच्या कप्प्यातही हाच धोका संभवतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये उच्च शिक्षणातील विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी राष्ट्रीय कृतिदल नेमले आणि जुलै 2025 मधील निकालाद्वारे शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांना किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमण्याचे निर्देश दिले. ही पावले निकडीची होती. परंतु नेमणुकीचे पत्र आणि समुपदेशन कक्षाची पाटी एवढ्यावर पूर्तता मानली गेली, तर दुखणे विद्यार्थ्याच्या मनात आहे आणि त्याचे आवार, त्याची खोली, त्याची रखडलेली शिष्यवृत्ती यांचा त्याच्याशी संबंध नाही, असा अर्थ त्यातून निघेल.

आक्षेपांचा विचार

येथे एक रास्त आक्षेप घेतला जाईल. नैराश्याने ग्रस्त विद्यार्थ्यास श्रमदानाला पाठवणे हा उपचार नव्हे. हे मान्यच केले पाहिजे. प्रशिक्षित समुपदेशकाला आणि मनोविकारतज्ज्ञाला पर्याय नाही आणि सेवाभावाच्या नावाखाली ती जबाबदारी प्राध्यापकांवर ढकलणे धोक्याचे आहे. लेखाचा रोख उपचारावर नसून उपचारापूर्वीच्या जीवनावर आहे. आपली कोणाला तरी गरज आहे, हा अनुभव विद्यार्थ्याला आवारात मिळतो की नाही, हा तो प्रश्न होय. दुसरा आक्षेप कार्यभाराचा. रिक्त पदे आणि परीक्षांचे वेळापत्रक सांभाळून प्राध्यापकांनी हे केव्हा करावे? त्याचे उत्तर नवे कार्यक्रम वाढवण्यात नाही. सध्याचे विखुरलेले कार्यक्रम एका ठिकाणी आणून त्यांची संख्या कमी करण्यात आहे.

समारोप

वैद्यकीय शिक्षणात अलीकडे आलेला कुटुंब दत्तक उपक्रम या दृष्टीने उपयुक्त आहे. त्यात विद्यार्थी शिक्षणकाळात त्याच कुटुंबांशी संबंध राखतो. त्याचाही रोख खेड्यांकडे असला, तरी सातत्याचे तत्त्व अन्य विद्याशाखांनी घेण्याजोगे आहे. आंबिल ओढ्यासारखा एक प्रवाह किंवा समाविष्ट गावांपैकी एक वस्ती महाविद्यालयाने निदान तीन वर्षांसाठी निवडावी. भूगोल विभागाने पावसाळ्यापूर्वी तुंबलेल्या मोऱ्यांचे नकाशे करावेत, रसायनशास्त्राने पाणी तपासावे, मराठी विभागाने रहिवाशांच्या पुराच्या आठवणी नोंदवाव्यात. या कामाचा मोबदला 'कमवा व शिका'मधून दिला जावा, परंतु काम मात्र साऱ्यांना असावे. म्हणजे ते कोणा एकाच्या गरिबीची खूण होणार नाही. वर्षअखेरचा अहवाल प्रथम त्या वस्तीसमोर वाचला जावा आणि मगच विद्यापीठाकडे जावा.

यांपैकी कोणत्याही गोष्टीस नव्या परिपत्रकाची आवश्यकता नाही. ज्या संस्थेच्या विद्यार्थ्याला आपल्या आवारालगतच्या ओढ्याचे नाव ठाऊक नाही, तिच्या सामाजिक दायित्वाच्या अहवालास कितीही गुण मिळाले तरी ते दायित्व पार पडले असे म्हणता येणार नाही. आणि ज्या विद्यार्थ्याचे नाव त्या ओढ्याकाठच्या एखाद्या घरात आपुलकीने घेतले जाते, त्याच्या कल्याणाची निदान एक बाजू भक्कम झाली आहे, असे मानावयास हरकत नाही.