गोटमारीच्या पलीकडचे गाव

पांढुर्ण्याचे नाव वर्षातून एकदा दूरदूरच्या वर्तमानपत्रांत छापून येते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवतात, त्यावर झेंडा बांधतात, आणि एका काठावरचे पांढुर्णा व दुसऱ्या काठावरचे सावरगाव यांच्यात गोटमार होते. जखमींचे आकडे येतात, नदी ओलांडून पळणाऱ्या प्रेमी जोडप्याची आख्यायिका पुन्हा सांगितली जाते, आणि तिसऱ्या दिवशी हा सारा मुलूख लोकांच्या विस्मरणात जातो. गोटमारीचे समर्थन करण्याचा माझा हेतू नाही. दगडाने माणूस मरतो, त्यात गौरव करण्यासारखे काही नाही. माझी तक्रार एक वाचक म्हणून आहे. पांढुर्णा-सौंसर भागातली खेडी उरलेल्या दिवसांत कशी जगतात, हे मला कोणत्या मराठी पुस्तकात वाचायला मिळेल?

आपल्या ग्रामीण साहित्याची परंपरा काही दरिद्री नाही. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' 1955 सालची. माणदेशातली धनगरांची चिमुकली वस्ती, तिथे आलेला तरुण मास्तर, गावकऱ्यांनी खपून उभी केलेली तालीम, आणि शेवटी दुष्काळाने ओस पडत जाणारे गाव. इतक्या थोड्या पानांत एवढे मोठे दुःख क्वचितच मावले असेल. उद्धव शेळक्यांची 'धग' 1960 सालची. तिच्यातली वऱ्हाडी बोली आमच्या कानाला थेट ओळखीची वाटते; कौतिकचे कष्ट वाचताना आमच्या भागातल्या कितीतरी बाया डोळ्यांपुढे उभ्या राहतात. सदानंद देशमुखांच्या 'बारोमास'ला 2004 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. शिकून शेतीत अडकलेल्या तरुणाची त्यातली घुसमट आमच्या कापूस-संत्र्याच्या मुलखातही घरोघर आहे. ही तिन्ही पुस्तके आमचीच आहेत, असे मी अभिमानाने म्हणतो. तरीही वाचून झाल्यावर काहीतरी उणे राहते. ते काय, याचा विचार मी बरीच वर्षे करतो आहे.

1 नोव्हेंबर 1956 पर्यंत नागपूर ही आमचीही राजधानी होती. त्या जुन्या मध्य प्रदेशात हिंदी आणि मराठी या दोन्ही राजभाषा होत्या. राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा नव्या मध्य प्रदेशात राहिला, आणि त्याच्याबरोबर सौंसर-पांढुर्ण्याची मराठी खेडीही राहिली. बाजार नागपूरचा, सोयरीक काटोल-नरखेड-वरूडकडची, आणि कचेरी हिंदी. 2023 साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला, सौंसर त्यात आले. जिल्ह्याचे ठिकाण जवळ आले, पण कचेरीची भाषा तीच आहे.

याचा परिणाम गावाच्या रोजच्या जगण्यावर कसा होतो, ते पाहण्यासारखे आहे. शेतकरी घरात 'वावर' म्हणतो. कागदावर ती 'कृषि भूमि' असते. घरची 'पऱ्हाटी' मंडीत 'कपास' होते. सीमेपलीकडच्या पाहुण्याच्या हाती सातबारा असतो, याच्या हाती खसरा आणि ऋणपुस्तिका. भावाभावांचे भांडण 'धुऱ्या'वरून पेटते आणि तहसिलीत 'सीमांकना'चे प्रकरण होऊन उभे राहते. बाप मेला की घरात रडणे मराठीत होते, आणि जमीन नावावर करण्यासाठी 'फौती नामांतरणा'चा अर्ज हिंदीत लिहावा लागतो. ज्या म्हाताऱ्या बाईला तो अर्ज वाचता येत नाही, ती दुसऱ्याच्या भरवशावर अंगठा उठवते. गावातली गरिबी एकरांत आणि रुपयांत मोजतात. पण आपल्या जमिनीचा कागद आपल्या बोलीत न समजणे ही सुद्धा एक गरिबीच आहे, आणि तिचा हिशेब कोणत्याही कादंबरीने मांडलेला माझ्या वाचनात नाही.

आता 'बनगरवाडी'कडे पुन्हा पाहा. तो मास्तर ज्या भाषेत शिकवतो ती मुलांच्या घरच्या भाषेची मोठी बहीण आहे. आमच्या खेड्यात आलेला मास्तर बहुधा हिंदीत शिकवणार. पोरे त्याला मराठीत उत्तर देणार, आणि मधल्या सुट्टीत दोन्हींची खिचडी बोलणार. कौतिकच्या जगात सरकारी कागद फारसा येत नाही, आणि आला तरी तो मराठीतच येईल. हा त्या पुस्तकांचा दोष नव्हे. त्यांनी आपापले गाव प्रामाणिकपणे लिहिले. दोष असेल तर आपल्या समीक्षेचा आहे. ग्रामीण साहित्य म्हणजे बोलीतले संवाद, शेती, दुष्काळ आणि तुटत चाललेली नाती, अशी एक मोजपट्टी तिने तयार करून ठेवली. ती पट्टी लावली तर आमचे गाव विदर्भाचीच एक फिकी आवृत्ती ठरते. वास्तविक ते निराळे गाव आहे.

येथे मला एका दूरदेशीच्या पुस्तकाची आठवण होते. इंडोनेशियातल्या जावा बेटावर बान्युमास नावाचा प्रदेश आहे. तिथले लेखक अहमद तोहारी यांनी 'रोंगेंग दुकुह पारुक' ही कादंबरी 1982 साली प्रसिद्ध केली. पुढे तिचे आणखी दोन भाग आले. दुकुह पारुक ही एक अगदी लहान, दरिद्री वाडी. रोंगेंग म्हणजे तिथली पारंपरिक नर्तकी. बाहेरच्यांना ही वाडी ठाऊक आहे ती तिच्या नाचासाठी, जसे आम्ही गोटमारीसाठी. पण तोहारी नाचापाशी थांबत नाहीत. नर्तकी श्रींतिलचे आईबाप आंबवलेल्या अन्नाच्या विषबाधेने मेलेले असतात. गावातली कितीतरी माणसे त्या विषबाधेत जातात. पुढे बाहेरचे राजकारण वाडीत शिरते. अक्षरओळख नसलेल्या त्या माणसांना कोणत्या झेंड्याखाली आपण नाचतो आहोत हेही समजत नाही, आणि 1965 च्या उलथापालथीत त्यांना त्याची किंमत तुरुंगवासाने आणि जळालेल्या घरांनी मोजावी लागते. न समजणारा कागद, न समजणारी घोषणा माणसाचे काय करते, हे मी इतक्या स्पष्टपणे दुसरीकडे वाचलेले नाही. आमच्याकडे तसा रक्तपात झाला नाही, हे आमचे भाग्य. पण अंगठा उठवणारी म्हातारी आणि ती वाडी यांच्यात मला नाते दिसते.

आणखी एक गोष्ट. मूळ कादंबरी तोहारींनी इंडोनेशियाच्या राष्ट्रभाषेत लिहिली होती. 2006 साली त्यांनी तीच कथा बान्युमासच्या बोलीत पुन्हा प्रसिद्ध केली. ज्यांची कथा होती त्यांच्या जिभेवर ती परत नेऊन ठेवली. आमच्या भागातला लिहिणारा तरुण आज हिंदीत लिहितो, कारण शिक्षण हिंदीत झाले आणि मासिकेही हिंदीच हाताशी आहेत. त्याला मी दोष देत नाही. फणीश्वरनाथ रेणूंनी 'मैला आँचल' 1954 साली लिहिली, तेव्हा पूर्णियाच्या खेड्याची बोली त्यांनी हिंदीत अशी मिसळली की हिंदीला ती आपली करून घ्यावी लागली. मग सौंसरच्या पोराने हिंदीत लिहिताना 'वावर' हा शब्द का गाळावा? आणि मराठीत लिहिताना 'फौती नामांतरण' हा शब्द का लपवावा? नागपूर-पुण्याकडचे संपादक त्याखाली लाल रेघ मारतील म्हणून? मारू द्यावी. तो शब्द अशुद्ध मराठी नाही; ती आमच्या गावची वस्तुस्थिती आहे.

अर्थात, आपली कैफियत मांडताना आपण दुसऱ्याची विसरू नये. आमच्या खेड्यांत केवळ मराठी आणि हिंदी नाही. पवारांच्या घरांत त्यांची वेगळी बोली आहे. छिंदवाड्याच्या डोंगरपट्टीतला गोंड मजूर संत्र्याच्या बगीच्यात तोडणीला येतो, त्याची गोंडी कोणत्याच कचेरीत चालत नाही. मराठीवर हिंदीचे ओझे आहे असे आपण म्हणतो, तेव्हा त्या मजुरावर आपल्या मराठीचेही ओझे आहे, हे लिहिणाऱ्याने ध्यानात ठेवले पाहिजे. मृगाचा बहार घेण्यासाठी झाडांना ताण देणारा मालक, उभा बगीचा विकत घेणारा व्यापारी आणि रोजाने फळे तोडणारी बाई, तिघेही एकाच झाडाखाली उभे असतात आणि तिघांची भाषा वेगळी असते. केवढे मोठे नाट्य आहे हे! त्याला अजून लेखक मिळालेला नाही.

आपल्या सीमाभागात भाषेचा प्रश्न निघाला की तो ठरावांत, निवेदनांत आणि शाळांच्या मागणीत संपतो. ती मागणी योग्यच आहे. परंतु घरातल्या मुलांनी मराठी वाचावी असे वाटत असेल, तर त्यांना तिच्यात आपले गाव सापडले पाहिजे. माणदेश आणि वऱ्हाड वाचून त्यांची भूक पुरी भागणार नाही. म्हणून या अंकाच्या वाचकांना माझी विनंती अशी, की घरात म्हातारी माणसे असतील तर त्यांना जमिनीच्या कागदांविषयी विचारा. 1956 च्या आधीचे मराठी कागद पेटीत असतील तर ते बाहेर काढा, त्यांच्याशेजारी आजची ऋणपुस्तिका ठेवा, आणि मधल्या वर्षांत घरात काय झाले ते जसे सांगतील तसे, दोन्ही भाषांसकट, वहीत उतरवून घ्या. कादंबरी लिहिणारा पुढेमागे येईलच. तो येईल तेव्हा त्याला ही वही लागणार आहे.