धावते वर्णन : न पाहणाऱ्याचा खेळ

दिवाळी अंकांतून कथा-कादंबऱ्यांची झाडाझडती दरवर्षी होते. नाटकाची होते, गाण्याची होते. परंतु ज्या एका प्रकाराने खेड्यापाड्यांतल्या श्रोत्यांना दिवसच्या दिवस खिळवून ठेवले, त्याची चिकित्सा कोणी मनावर घेतलेली दिसत नाही. मी बोलतो आहे रेडिओवरील खेळांच्या धावत्या वर्णनाविषयी. हे वाङ्मय आहे काय, अशी शंका विद्वानांना येईल. माझे उत्तर सरळ आहे. समोर नसलेली सृष्टी जे केवळ शब्दांनी उभी करते, ते वाङ्मयच. कादंबरीकार हे काम दिव्याखाली खोडाखोड करीत करतो. वर्णनकाराला खोडायला सवड नसते, एवढाच फरक.

या प्रकाराची कसोटी मला कोणत्या ग्रंथाने दिली नाही. आमच्या आबांनी दिली. आबा चोपड्याचे शेतकरी. त्यांच्या तरुणपणी विहिरीवर ट्रान्झिस्टर टांगलेला असे. जळगावचे आकाशवाणी केंद्र सुरू झाले १९७६ साली. त्याआधी काटा फिरवीत मुंबई-पुणे नाही तर सातपुड्यापलीकडचे इंदूर शोधावे लागे. पुढे काचबिंदूने आबांची दृष्टी गेली. २ एप्रिल २०११ रोजी वानखेडेवर विश्वचषकाचा अंतिम सामना चालला होता. घरात टीव्ही लावलेला, आम्ही सगळे त्यापुढे. समालोचक फलंदाजाच्या धैर्याविषयी, देशाच्या स्वप्नांविषयी बोलत होते. आबा मात्र प्रत्येक चेंडूला विचारीत, “चेंडू कथा गया रे?” चेंडू कुठे गेला, एवढेच त्यांना हवे होते, आणि तेवढेच कोणी सांगत नव्हते. मी सांगू लागलो आणि दोन षटकांत गडबडलो. पाहणे आणि सांगणे यांत किती अंतर आहे, ते मला त्या दिवशी कळले.

या कसोटीवर थोरामोठ्यांना लावून पाहू. आपल्याकडील धावत्या वर्णनाचे आद्य पुरुष ए. एफ. एस. तल्यारखान. १९३४ साली मुंबईत त्यांनी इंग्रजीतून क्रिकेटचे वर्णन सुरू केले. दिवसभर एकट्याने बोलत राहण्याची त्यांची ख्याती, आणि ध्वनिक्षेपकात वाटेकरी घेण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी तो सोडणे पसंत केले. त्यांच्याविरुद्ध पारड्यात घालावे विजय मर्चंट यांना. प्रथम श्रेणीत ७१.६४ ची सरासरी राखणारा हा फलंदाज पुढे ध्वनिक्षेपकापुढे बसला, विविध भारतीवर क्रिकेटवर बोलू लागला. एक सारा सामना आपल्या आवाजात सामावू पाहणारा, दुसरा मोजूनमापून बोलणारा. मर्चंट यांचा अधिकार निःसंशय मोठा. पण अधिकार खेळाचे मर्म सांगतो. मैदान दाखवायला नजर आणि जीभ यांचे एकमत लागते, आणि ते शतके ठोकून येतेच असे नाही.

हिंदीत जसदेव सिंग आणि सुशील दोशी ही अशीच जोडी. १५ मार्च १९७५ रोजी क्वालालंपूरला भारताने पाकिस्तानला २-१ असे हरवून हॉकीचा विश्वचषक जिंकला. त्या सामन्याचे जसदेव सिंगांचे वर्णन ऐकणाऱ्या पिढीच्या कानांत अजून आहे. हॉकीत चेंडू क्षणात या काठीवरून त्या काठीवर जातो. त्याच्यामागे भाषा धापा न टाकता पळवणे हे त्यांचे खरे कर्तृत्व. दोशी इंदूरचे, म्हणजे आम्हा चोपडेकरांचे डोंगरापलीकडचे शेजारीच. त्यांच्या हिंदीला बोलीचा चटका आहे, उपमांची आतषबाजी आहे. इंदूरच्या होळकर मैदानावर समालोचकांच्या कक्षाला त्यांचे नाव आहे, ते योग्यच. तरी आबांची एक तक्रार असे. उपमा आधी येते आणि चेंडू मागून. आम्ही इकडे आनंदाने उठायचे की कपाळाला हात लावायचा, हे कळायला एक क्षण उशीर होतो!

मराठीत बाळ ज. पंडित. ते स्वतः रणजी खेळलेले आणि मुलांसाठी लिहिणारे. हा दुसरा गुण मला अधिक मोलाचा वाटतो. मुलांसाठी लिहिणाऱ्याला समजूत गृहीत धरता येत नाही. आधी अंगण दाखवावे लागते, मग अंगणातला कावळा. पायचीत, त्रिफळाचीत, यष्टिरक्षक हे शब्द आज पोरेसोरे बोलतात. ते कानांना रुळवणाऱ्यांत पंडितांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. त्यांची मराठी थोडी पुणेरी, थोडी मास्तरी होती, हे मान्य. पण चेंडू कुठे गेला हे विचारावे लागत नसे, असे आबा आजही सांगतात. २०१५ साली पंडित गेले.

त्यांच्यामागे काय उरले? आयपीएलच्या निमित्ताने मोबाइलवर मराठी समालोचन आले. आनंद आहे, पण ते चित्राच्या आधाराने चालते, म्हणून गप्पांकडे झुकते. खासगी एफ.एम. केंद्रांचे निवेदक खेळावर चुरचुरीत बोलतात, एकमेकांवर कुरघोडी करतात, पण चेंडू कोणाजवळच नसतो. तो नियमांचाही भाग आहे. सरकारच्या २०११ च्या धोरणाने त्यांना मोठ्या सामन्यांचे थेट वर्णन बंद ठेवले. मात्र त्याच धोरणात स्थानिक खेळांच्या थेट वर्णनाला वाव आहे. म्हणजे आमच्या तालुक्याची कबड्डी, यात्रेतली कुस्ती यांना दार उघडे आहे. त्या दारातून जायला आवाज पुष्कळ मिळतील; न पाहणाऱ्यासाठी पाहण्याची सवय लावावी लागेल.

ती सवय शाळेत लागते की नाही, हे मी पाहतो आहे. कबड्डीच्या वेळी एका मुलाला मैदानाकडे पाठ करून बसवतो. दुसऱ्याने त्याला खेळ सांगायचा. कोण बाद झाला हे पाठमोऱ्याने अचूक ओळखले, तर सांगणारा उत्तीर्ण. बहुतेक मुले टीव्हीतल्यासारखी “काय जबरदस्त चढाई!” असे ओरडतात आणि नापास होतात. गेल्या हिवाळ्यात आबांना मैदानावर नेले होते. एक सहावीतला मुलगा पुस्तकी मराठी सोडून अहिराणीवर घसरला. कोण कुठल्या कोपऱ्यात उभा, कोणी तंगडी धरी लिनी, रेघ किती हात राहिली, सगळे सांगत गेला. आबा काठीवर हनुवटी टेकून ऐकत होते. खेळ संपला तरी त्यांनी गुण विचारले नाहीत. विचारले ते एवढेच :

“कोन शे रे हाऊ पोऱ्या?”