‘नवी नाती’ म्हणजे नक्की काय?

सामाजिक नवोपक्रमाची मरे, कॉलियर-ग्राइस आणि मल्गन यांची २०१० मधली व्याख्या तुम्ही सिनॉप्सिसमध्ये हमखास उतरवाल: सामाजिक गरज भागवणाऱ्या आणि त्याच वेळी नवी नाती घडवणाऱ्या नव्या कल्पना. छानच. पण भोरजवळच्या आंबवड्याचा संस्थानकाळातला झुलता पूल घ्या. दोन काठ जोडले गेले. तेवढ्यानं दोन समाज जोडले गेले, असं म्हणाल? आता १९७० च्या दशकातली बाबा आढावांची ‘एक गाव एक पाणवठा’ चळवळ बघा. विहीर जुनीच, मागणी होती तिच्यावर दलितांच्या समान हक्काची. म्हणजे कुणाला तरी आपली मक्तेदारी सोडावी लागणार होती. व्याख्येत हा संघर्ष कुठेच दिसत नाही. म्हणून फील्डवर ‘नवीन काय?’ याच्याआधी विचारा: कोणी काय सोडलं?