एका शब्दाची फट

सतरा वर्षांचा असताना अथर्वशीर्ष म्हणताना एखादा उच्चार चुकला असं वाटलं, की मी पहिल्यापासून सुरुवात करायचो. मग पुन्हा. मग गुरुजींना फोन. "गुरुजी, चुकलं तर पाप लागतं का?" ते दर वेळी प्रेमानं म्हणायचे, "अरे बाळा, देव भावाचा भुकेला." मला हायसं वाटायचं. संध्याकाळपर्यंत. मग डोक्यात यायचं, माझा भाव तरी शुद्ध होता का?

ओसीडीला आपल्याकडे मंत्रचळ म्हणतात. शब्दातच मंत्र आहे, तरी मला झालंय ते हेच, हे कळायला वर्षं गेली. म्हणूनच संत इग्नेशियस लॉयोलाचं आत्मकथन वाचताना मी मान्रेसाच्या प्रकरणापाशी थबकलो.

इग्नेशियस म्हणजे जेझुइट संघाचा संस्थापक, १५४२ साली गोव्यात आलेल्या फ्रान्सिस झेवियरचा सोबती. हे आत्मकथन त्यानं लिहिलेलं नाही. १५५३ ते १५५५ या काळात त्यानं ते एका सहकाऱ्याला सांगितलं. त्यात 'मी' नाही, 'यात्रेकरू' आहे. इतक्या अंतरावरून सांगूनही मान्रेसाची पानं अंगावर येतात.

साल १५२२. तोफगोळ्यानं पाय जायबंदी झालेला हा सैनिक मोंतसेरातच्या मठात तीन दिवस घालवून, लिहून काढून, आयुष्यभराच्या पापांचं कन्फेशन करतो. मग मान्रेसा गावी येतो आणि शंका सुरू होते: काही सांगायचं राहिलं तर नाही? एक विद्वान धर्मगुरू सुचवतात, आठवेल ते सगळं लिहून काढ. तो काढतो. शंका परत येते, आधीपेक्षा बारीक होऊन. अखेर त्याचे कन्फेशन ऐकणारे धर्मगुरू आज्ञा देतात, की जुनं काही पुन्हा सांगायचं नाही. अगदी स्पष्ट असेल तेवढंच सांग.

माझ्या मते सगळं प्रकरण या 'अगदी स्पष्ट'वर उभं आहे. कारण यात्रेकरूला सगळंच स्पष्ट दिसतं! आज्ञा चांगली होती, पण तिला एक फट होती, आणि आजार नेमका त्या फटीतून आत येतो. काय स्पष्ट आणि काय नाही हे ठरवायचं काम पुन्हा आजारी माणसाकडेच आलं.

पुढे तो रोज सात तास गुडघ्यांवर प्रार्थना करतो. खोलीत एक मोठं भोक असतं, त्यातून स्वतःला झोकून द्यावंसं वाटतं. आठवडाभर उपास करतो. धर्मगुरू उपास सोडायला लावतात, दोन दिवस शांततेत जातात, तिसऱ्या दिवशी एकामागून एक पापं आठवू लागतात. शेवटी झोपेतून जागं व्हावं तसं त्याला कळतं, आणि तो ठरवतो: जुनं पाप पुन्हा कधीही सांगायचं नाही. या वेळी फट नाही.

इथे माझी या पुस्तकाशी तक्रार आहे. सुटका एका झटक्यात येते आणि तिचं सगळं श्रेय देवाच्या कृपेला जातं. श्रद्धावंतानं तसं म्हणावं, माझी हरकत नाही. पण आज याच अवस्थेत वाचणारा मुलगा समजेल, की आपली श्रद्धा कमी पडते म्हणून आपली सुटका होत नाही. त्याच्यासाठी हे वाचन धोक्याचं आहे.

त्याला खरी मदत इग्नेशियसचंच दुसरं पुस्तक करेल. १५४८ साली छापलेल्या 'आध्यात्मिक साधना'मध्ये तो एक साधा फरक सांगतो. जमिनीवर दोन काड्या क्रुसासारख्या पडल्यात, त्यावर चुकून पाय पडला आणि माणसानं ते पापच मानलं, तर ती निव्वळ चुकीची समजूत. पण पाय पडल्यावर 'पाप झालं' आणि 'नाही झालं' यांत मन हेलकावत राहिलं, तर तो खरा घोर.

आज मानसोपचारतज्ज्ञ आणि धर्मगुरू एकत्र काम करतात ते याच फरकावर. पहिली गोष्ट धर्मगुरूची: पाप काय, नियम कुठे संपतो, हे अधिकारानं सांगणं. ते थेरपिस्टनं सांगितलं तर श्रद्धाळू माणूस ऐकेलच असं नाही. दुसऱ्या गोष्टीवर मात्र माहितीचा उपाय चालत नाही. तिथे शंका अंगावर घ्यायची आणि तरीही पुन्हा जप, पुन्हा कन्फेशन करायचं नाही, ही सवय लावावी लागते. या पद्धतीचा पाया व्हिक्टर मेयर यांनी लंडनमध्ये १९६६ साली मांडला. यात धर्मगुरूचं सर्वांत अवघड काम म्हणजे दुसऱ्यांदा धीर न देणं. दयाळू माणसाला ते फार जड जातं.

माझ्या थेरपिस्ट मॅडमनी मला विचारून गुरुजींना फोन केला होता. त्यानंतर गुरुजी मला म्हणाले, "चुकलं तरी पुढे म्हणत राहायचं. हे एकदाच सांगतो. पुन्हा विचारलंस तर मी उत्तर देणार नाही."

चार दिवसांनी मी विचारलंच. ते पावसाबद्दल बोलले, आईची चौकशी केली, आणि फोन ठेवला. तो दिवस फार वाईट गेला. पण त्या संध्याकाळी मी अथर्वशीर्ष एकदाच म्हटलं.