उच्च तापमानातील लवचीक विकृती-संवेदक : एक चिकित्सा

वस्तूवर बल पडले की तिची लांबी किंचित बदलते. मूळ लांबीशी या बदलाचे जे गुणोत्तर, ती विकृती. आणि ती मोजणारे साधन म्हणजे विकृती-संवेदक अथवा स्ट्रेन गेज. तार ताणली असता तिचा विद्युतरोध बदलतो, हे विल्यम थॉमसन (पुढे लॉर्ड केल्व्हिन) यांनी १८५६ मध्ये दाखविले. त्यावर आधारित चिकटविता येणारे गेज १९३८ च्या सुमारास अमेरिकेत सिमन्स व रूज यांनी स्वतंत्रपणे सिद्ध केले. टर्बाइनची पाती, बाष्पकाच्या नळ्या अशा तप्त व वक्र पृष्ठभागांवर बसतील असे लवचीक गेज घडविण्याचे प्रयत्न अलीकडे वाढले आहेत. मात्र जो संवेदक उष्णतेत टिकतो तो उष्णतेत मोजतोही, असे एक गृहीतक या संशोधनात वावरताना दिसते. त्याची चिकित्सा येथे अभिप्रेत आहे.

टिकण्याचा प्रश्न बराचसा सुटला आहे. २०१४ मध्ये राइस विद्यापीठातील जेम्स टूर यांच्या गटाने पॉलिइमाइडच्या पापुद्र्यावर लेसर फिरवून थेट ग्राफीन मिळविले. पद्धत स्वस्त आहे. परंतु सुमारे ४०० अंश सेल्सिअसपलीकडे पॉलिइमाइड फार काळ तग धरीत नाही आणि हवेत कार्बनही जळू लागतो. त्यापुढे सिरॅमिकच हवे. ते ठिसूळ असले तरी लवचीकता जाडीवरही अवलंबून असते. ४० मायक्रोमीटर जाडीची झिर्कोनियाची पट्टी १० मिलिमीटर त्रिज्येत वाकविल्यास तिच्या पृष्ठभागावर केवळ ०.२ टक्का विकृती येते. १ मिलिमीटर जाडीच्या पट्टीत तीच ५ टक्के होईल आणि पट्टी तुटेल.

खरी अडचण मोजण्याची आहे. प्लॅटिनमचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्का वाढतो. गेज फॅक्टर २ धरल्यास, बल मुळीच नसताना तापमान एका अंशाने वाढले तरी हे साधन जवळजवळ ०.२ टक्का विकृती दाखवील. साधे पोलाद सुमारे ०.१२ टक्का विकृतीलाच कायमचे वाकू लागते! कॉन्स्टंटनची निवड याच दोषावर उपाय म्हणून झाली. पण ते फार उच्च तापमानात स्थिर राहत नाही. नासाच्या प्रकल्पांतून पुढे आलेल्या पॅलेडियम-क्रोमियम संमिश्राचे महत्त्वही निव्वळ उष्णता सोसण्यात नाही. त्याचा रोध तापमानानुसार जवळजवळ सरळ रेषेत बदलतो आणि तापवून थंड केल्यावर पूर्ववत होतो, म्हणून दुरुस्ती शक्य होते. व्हीटस्टन सेतूत दुसरा, भाररहित गेज जोडण्याचा जुना उपाय आहेच. परंतु दोन्ही गेज एकाच तापमानाला असले तरच तो लागू पडतो, आणि ज्वाळेजवळ दोन सेंटिमीटरांतही तापमान सारखे नसते.

असे असूनही ज्वाळेत धरलेल्या संवेदकाचे छायाचित्र आणि खोलीच्या तापमानाला काढलेला ताणाचा आलेख, एवढ्यावर निष्कर्ष बेतलेले निबंध वाचनात येतात. गेज फॅक्टरचा मोठा आकडा शीर्षकात मिरवतो. शून्य भारावरील भासमान विकृतीचा आकडा मात्र शोधूनही सापडत नाही. वस्तुतः तो मिळविण्यास महागडी सामग्री लागत नाही. महाविद्यालयीन प्रयोगशाळेतील साधी भट्टी, एक थर्मोकपल आणि रोध अचूक मोजणारा मल्टिमीटर पुरेसा आहे. कोणताही भार न देता संवेदक तापवावा, थंड करावा, हे दहा वेळा करावे आणि चढता व उतरता, दोन्ही आलेख छापावेत.